बारनिशीची खिडकी

गेल्या अंकात मी आमच्या टीम चॅटच्या सर्व्हरबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं वेबहुकवर आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गिट सर्व्हर, पैसे घेणारा गेटवे, डिस्कवर नजर ठेवणारी मॉनिटरिंग यंत्रणा अशी एखादी बाहेरची प्रणाली तिच्याकडे काही घडलं की आपणहून आपल्या चॅटच्या ठरलेल्या यूआरएलवर एचटीटीपी पोस्ट करते आणि तो मजकूर चॅनेलमध्ये दिसतो. ‘वेबहुक’ हा शब्द जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये वापरात आणला. आज चॅटमधले निम्मे मेसेज माणसं लिहीत नाहीत, वेबहुक लिहितात, अशी पुष्कळ ऑफिसं मी पाहिली आहेत.

ताई, आमची शेतमाल पाठवणारी कंपनी आहे आणि ऑफिसचं चॅट आम्ही स्वतः लिहिलं आहे. पैसे जमा झाले की गेटवेचा वेबहुक येतो आणि ‘हिशेब’ चॅनेलमध्ये मेसेज पडतो. मागच्या आठवड्यात ४२,५०० रुपयांचा मेसेज तीनदा पडला. हिशेब बघणाऱ्या काकांनी तीन पावत्या केल्या आणि नंतर त्यांनाच बोलणी बसली. गेटवेवाले म्हणतात की पैसे एकदाच घेतले. सोबत आमचा कोड जोडला आहे. चूक कुणाची?
— एक वाचक, जळगाव

काकांची नाही, हे आधी त्यांना सांगा. गेटवेचीही नाही. तुमचा कोड मी दोनदा वाचला. पोस्ट आली की तुमचा हँडलर, म्हणजे ती हाताळणारा कोड, जेसन रूपात आलेला मजकूर उघडतो, मजकुरातल्या लिंकचं चित्र आणायला बाहेरच्या साइटवर जातो, मेसेज डेटाबेसमध्ये लिहितो, उघड्या असलेल्या सगळ्या वेबसॉकेटवर, म्हणजे लोकांच्या चालू जोडण्यांवर, तो ढकलतो, मोबाइलच्या नोटिफिकेशन पाठवतो आणि एवढं सगळं झाल्यावर गेटवेला २०० (‘मिळालं’ या अर्थाचं एचटीटीपी उत्तर) म्हणतो. लिंकवाली साइट त्या दिवशी रेंगाळली असणार. गेटवे ठरलेले काही सेकंद थांबला, उत्तर आलं नाही म्हणून त्यानं फोन ठेवला आणि थोड्या वेळानं पुन्हा लावला. दरम्यान तुमच्याकडे पहिल्या फेरीचं काम पूर्ण झालेलं होतं.

टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही, असं पाठवणारा धरून चालतो. प्रत्यक्षात त्याला फक्त उत्तर मिळालेलं नसतं. पैशाच्या बाबतीत त्यानं असंच धरलं पाहिजे, कारण मेसेज हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा. स्ट्राइप (एक पेमेंट गेटवे) तर उत्तर मिळालं नाही तर अंतर वाढवत वाढवत तीन दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतं आणि एकच घटना एकाहून जास्त वेळा येऊ शकते, हे त्यांच्या माहितीपत्रात लिहिलेलं आहे. गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) तऱ्हा उलटी आहे. ते १० सेकंद थांबतं आणि फसलेली पोच आपणहून पुन्हा पाठवत नाही. म्हणजे तुमचा हाच हँडलर गिटहबला जोडला असता, तर मेसेज तीनदा पडण्याऐवजी सर्व्हर बंद असताना आलेले मेसेज आपणहून परत आलेच नसते.

माझी आई तहसील कचेरीत आवक-बारनिशीला होती. सुटीत मी तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचे. माणूस अर्ज घेऊन खिडकीशी यायचा. आई पानं मोजायची, सही आहे का बघायची, रजिस्टरला नोंद घ्यायची, आवक क्रमांक घालून तारखेचा शिक्का मारायची आणि माणसाच्या प्रतीवर पोच द्यायची. फेरफार मंजूर करायचा की नाही, ते आतल्या टेबलाचं काम. निर्णय होईपर्यंत प्रत्येकाला खिडकीशी थांबवलं असतं, तर रांग आवारातल्या वडापर्यंत गेली असती आणि कंटाळून परत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोच अर्ज घेऊन उभा राहिला असता. तसा कुणी आलाच, तर आई रजिस्टर चाळून सांगायची, ‘याची पोच दिलेली आहे.’ नवा क्रमांक द्यायची नाही.

तुमच्या वेबहुकच्या दाराशी एवढंच व्हायला हवं. एक टेबल करा, त्याला ‘आवक’ म्हणा. त्यात हुकचा क्रमांक, पाठवणाऱ्यानं दिलेला घटनेचा आयडी, आलेला मजकूर जसाच्या तसा, हेडर, आल्याची वेळ आणि स्थिती एवढे रकाने ठेवा. हुकचा क्रमांक आणि घटनेचा आयडी या जोडीवर युनिक निर्बंध घाला. तुम्ही पोस्टग्रेस डेटाबेस वापरता, तेव्हा ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावून इन्सर्ट करा. दुसऱ्यांदा आलेली घटना गुपचूप बाजूला पडेल. दोन्ही वेळा उत्तर २००च द्या, कारण पाठवणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही वेळा अर्ज पोचलेला आहे. दुसऱ्या वेळी ४०९ (‘टक्कर’ असा नकार) दिलात, तर काही प्रणाली ती चूक समजून पुन्हा पाठवत बसतात.

मग आतलं टेबल. एक वेगळा वर्कर ‘आवक’मधून ओळी उचलेल. एकापेक्षा जास्त वर्कर चालवायचे असतील तर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरा, म्हणजे एकानं हातात घेतलेली ओळ दुसरा सोडून पुढे जातो. हे आणि वरचं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ दोन्ही पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये आले. तुमच्या आकाराच्या ऑफिसला त्यासाठी वेगळं क्यूचं सॉफ्टवेअर बसवायची गरज नाही. मेसेजचा इन्सर्ट आणि ओळीवर ‘झालं’ अशी खूण या दोन गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. मध्येच वीज गेली तर एकतर दोन्ही झालेल्या असतील किंवा एकही नाही. लिंकचं चित्र, वेबसॉकेट, मोबाइल हे सगळं त्यानंतर.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते, कारण ती मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या चॅटच्या कामात मी आवक डेटाबेसऐवजी प्रोग्रामच्या मेमरीतल्या यादीत ठेवली होती. उत्तर झटक्यात जायचं आणि मला फार आनंद झाला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नवी आवृत्ती चढवली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि यादीत थांबलेलं सगळं पुसलं गेलं. ज्यांना आम्ही २०० म्हणालो होतो त्यांनी आपापल्या वहीत ‘पोचलं’ असं लिहून टाकलं होतं. ते पुन्हा पाठवणार नव्हते. पोच दिली आणि अर्ज हरवला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हापासून माझा नियम असा, की डेटाबेसनं कमिट झालं म्हटल्याशिवाय २०० तोंडातून काढायचं नाही.

घटनेचा आयडी कुठून घ्यायचा, हे विचारणार असाल. गिटहब प्रत्येक पोचेचा आयडी हेडरमध्ये देतं, रेझरपेसुद्धा घटनेचा आयडी हेडरमध्ये देतं, स्ट्राइपचा आयडी मजकुरातच असतो. साध्या हुकमध्ये, म्हणजे नुसतं ‘टेक्स्ट’ नावाचं खोकं असलेल्या जेसनमध्ये, आयडी नसतो. तिथे मजकुराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणितानं काढलेला ठसा, काढून त्यालाच आयडी मानायचा मोह होतो. तो टाळा. ‘डिस्क ९० टक्के भरली’ हा मेसेज सकाळी आणि संध्याकाळी खरोखरच दोनदा आलेला असू शकतो आणि दुसरा गिळून टाकायचा अधिकार आपल्याला नाही. पाठवणाऱ्याला आयडी द्यायची सोय करून द्या. तो देत नसेल, तर क्वचित दिसणारी जोडगोळी सहन करा.

आमच्या एका नव्या सहकाऱ्यानं स्क्रिप्टसकट वेबहुकची यूआरएल सार्वजनिक रिपॉझिटरीत चढवली. तासाभरात काढलीही. आता काही करायला हवं का? मुलगा घाबरला आहे.
— एक टीम लीड, छत्रपती संभाजीनगर

यूआरएल आत्ताच्या आत्ता रद्द करा आणि नवी काढा. रिपॉझिटरीतून फाइल काढली तरी ती गिटच्या इतिहासात राहते, आणि अशा चाव्या वेचणारे प्रोग्राम तासभर थांबत नाहीत. साध्या वेबहुकला दुसरं कुलूप नसतं, ती लांबलचक यूआरएल हीच किल्ली असते. स्लॅक या चॅट सेवेच्या वेबहुक यूआरएल गिटहबची तपासणी ओळखते, पण तुमच्या घरच्या चॅटची यूआरएल तिला कशी कळणार?

मुलाला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. खरा प्रश्न असा, की तुमच्या बॅकएंडमध्ये हुक रद्द करून नवा काढायला किती वेळ लागतो? डेटाबेसमध्ये हातानं अपडेट मारावा लागत असेल तर आधी ते बदला. पडद्यावर एक बटण हवं. जुनी आणि नवी यूआरएल थोडा वेळ दोन्ही चालू ठेवता यायला हवी, म्हणजे लोक निवांत बदल करू शकतील. मात्र किल्ली फुटलेली असताना जुनी ताबडतोब बंद.

तेवढ्यात आणखी तीन ठिकाणी बघा. टोकन डेटाबेसमध्ये उघडं ठेवलं आहे का? ते १२८ बिटांचं खरोखर यादृच्छिक असेल तर त्याचा साधा शा-२५६ हॅश ठेवला तरी पुरतं, पासवर्डसारखा मुद्दाम संथ हॅश लागत नाही. दुसरं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा अॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही. टोकन यूआरएलच्या मार्गातच असतं, म्हणजे प्रत्येक विनंतीबरोबर ते लॉगमध्ये उतरतं आणि लॉग तर ऑफिसात कुणीही चाळतो. तो भाग झाका. तिसरं, हुकला नाव आणि फोटो स्वतः ठरवता येतो का? मॅटरमोस्ट या चॅट सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळात बंद असते आणि वेबहुकच्या मेसेजवर ‘बॉट’ अशी खूण दिसते. तुमच्याकडेही ती खूण कुणाला पुसता येऊ नये. फुटलेल्या यूआरएलवरून साहेबांच्या नावानं आणि फोटोनं ‘या खात्यात पैसे भरा’ असा मेसेज आला, तर माणसं भरतात.

दोन महिने डोकं फुटायची वेळ आली आहे. आमच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराचा वेबहुक सहीसकट येतो. पाठवणारी बाजू पीएचपीत लिहिलेली, घेणारी आमची नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये. इंग्रजी मेसेजची सही जुळते, मराठी आला की जुळत नाही. आणि कधी कधी इंग्रजी मेसेजचीसुद्धा जुळत नाही. पुरवठादार म्हणतो की तुम्ही मराठी पाठवू नका.
— एक वाचक, सांगली

पुरवठादाराचा सल्ला अजिबात मानू नका. तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले, कारण या चुकीला मी स्वतः एक आख्खी रात्र दिली आहे.

सही कशी होते ते आधी. दोघांकडे एक गुपित शब्द असतो. पाठवणारा मजकुराचे बाइट आणि ते गुपित मिळून एचमॅक काढतो आणि हेडरमध्ये घालतो. घेणारा तेच गणित करतो आणि दोन्ही आकडे पडताळतो. ही पद्धत १९९७ च्या आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली गेली, आणि आजही गिटहब, स्लॅक, स्ट्राइप सगळे शा-२५६ बरोबर हीच वापरतात. वरच्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘बाइट’ आहे. सही अर्थावर होत नाही, बाइटवर होते.

तुमच्या कोडमध्ये नोडच्या एक्स्प्रेस लायब्ररीचा जेसन पार्सर मजकूर उघडतो, आणि मग सही तपासायला तुम्ही ‘जेसन स्ट्रिंगिफाय’नं तो पुन्हा बांधता. गाठोडं सोडून पुन्हा बांधलं तर आतले कपडे तेच राहतात, गाठ मात्र बदलते. पीएचपीचं ‘जेसन एन्कोड’ काही सांगितलं नाही तर रोमनखेरीज प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात लिहितं. ‘क’ लिहायचा तर बॅकस्लॅश, मग रोमन यू, मग ०९१५. नोडचं स्ट्रिंगिफाय तोच ‘क’ सरळ ‘क’ असा लिहितं. दोन्ही जेसन बरोबर, अर्थ एकच, बाइट वेगळे. म्हणून मराठी फसतं. साधं इंग्रजी जुळतं ते केवळ नशिबानं, कारण दोन्हीकडे मधल्या जागा न सोडता लिहायची सवय आहे.

आता ‘कधी कधी इंग्रजीसुद्धा’. फसलेले इंग्रजी मेसेज काढून बघा, त्यात लिंक असणार. पीएचपी तिरकी रेघसुद्धा बॅकस्लॅश लावून लिहितं, नोड लावत नाही. लिंक म्हटली की तिरक्या रेघा आल्याच. सोळा-सतरा अंकी आयडीही तपासा. जावास्क्रिप्टमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतील याची खात्री नसते. उघडून पुन्हा बांधताना शेवटचा अंक बदलू शकतो, आणि तेव्हा सहीबरोबर आयडीही चुकतो.

उपाय एका ओळीचा आहे. वेबहुकच्या मार्गापुरता जेसन पार्सर काढा, रॉ पार्सर लावा, आलेले बाइट जसेच्या तसे घेऊन त्यांच्यावर एचमॅक काढा, जुळला तरच जेसन उघडा. ‘आवक’ टेबलातही तेच मूळ बाइट ठेवा, उद्या वाद झाला तर पुरावा तोच. पुरवठादाराला पीएचपीमध्ये युनिकोड न सांकेतवण्याचा पर्याय लावायला सांगू नका. तो लावला तर लक्षण जाईल, पण चूक तुमच्याकडे तशीच राहील आणि तिरक्या रेघेवर पुन्हा अडेल.

हात घातलाच आहे तर दोन आकडे ‘बरोबर आहे’च्या दुहेरी चिन्हानं पडताळू नका. ती तुलना पहिल्या चुकलेल्या अक्षराशी थांबते आणि लागलेल्या वेळेवरून चिकाटीचा माणूस सही अंदाजत जाऊ शकतो. नोडच्या क्रिप्टोमध्ये ‘टायमिंग सेफ इक्वल’ आहे, पायथनच्या एचमॅकमध्ये ‘कंपेअर डायजेस्ट’ आहे, गोमध्ये ‘एचमॅक इक्वल’ आहे. शिवाय बघा, की सहीत वेळ घातलेली आहे का. स्ट्राइप आणि स्लॅक घालतात, आणि पाच मिनिटांहून जुनं आलेलं नाकारावं अशी त्यांची शिकवण आहे, म्हणजे कुणी जुना मेसेज पकडून पुन्हा वाजवू शकत नाही. मात्र स्वतःच्या सर्व्हरचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेवर) आहे ना, ते बघा. आमचा एक सर्व्हर सहा मिनिटं पुढे होता आणि तीन दिवस आम्ही गुपित शब्दच बदलत बसलो होतो.

वेबहुकवरून आलेले लांब मराठी मेसेज शेवटी तुटतात आणि चौकोनात प्रश्नचिन्ह दिसतं. मर्यादा तर ४,००० ची ठेवली आहे आणि मेसेज तेवढे मोठे नसतात.
— एक वाचक, पणजी

तुमची मर्यादा ४,००० बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नमस्कार’ घ्या. डोळ्याला अक्षरं दिसतात चार, युनिकोडची चिन्हं सात आणि बाइट एकवीस. म्हणजे मराठीच्या वाट्याला तुमच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा येतो. कापताना चिन्हाच्या मधोमध सुरी चालली की तो चौकोन उमटतो.

चिन्हं मोजून कापलंत तर चौकोन जाईल, पण ‘स्का’चा काना खाली पडेल किंवा शेवटी लोंबता हलन्त राहील. अक्षराचे तुकडे नेमके कुठे पडतात, याचे नियम युनिकोडनंसुद्धा देवनागरी जोडाक्षरांसाठी २०२३ च्या १५.१ आवृत्तीत सुधारले. त्याआधीच्या लायब्ररीला ‘क्ष’ हे दोन तुकडे वाटू शकतात. म्हणून माझं मत असं, की अक्षरावर कापूच नका. मर्यादेच्या आतली शेवटची ओळ किंवा शेवटची मोकळी जागा शोधा, तिथे तोडा आणि उरलेला भाग दुसऱ्या मेसेजमध्ये घाला. मॅटरमोस्ट वेबहुकचा लांब मजकूर असाच अनेक मेसेजमध्ये वाटतं. त्यांची मर्यादा १६,३८३ चिन्हांची आहे. मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेक्स्ट रकान्यातले ६५,५३५ बाइट भागिले चार असा तो हिशेब आहे, कारण सर्वात जाड चिन्हाला चार बाइट लागतात.

मायएसक्यूएल वापरत असाल तर आणखी एक. तिथला जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जातो. मराठी नीट बसतं म्हणून वर्षभर कळत नाही आणि एक दिवस कुणी इमोजी पाठवला की इन्सर्ट फसतो. ‘यूटीएफ८एमबी४’ करा.

मी एका रुग्णालयाच्या आयटी विभागात रात्रपाळी करतो. आमच्या चॅटवर मॉनिटरिंगचा वेबहुक आहे. एका रात्री नेटवर्कचा स्विच बिघडला आणि दोन तासांत चौदाशेच्या वर मेसेज आले, प्रत्येकाला सगळ्यांना हाक मारणारं ‘@चॅनेल’ लावलेलं. मी कंटाळून चॅनेलचा आवाज बंद केला. त्यातच प्रयोगशाळेचा सर्व्हर बंद पडल्याचा मेसेज होता. तो मला सकाळी दिसला. तेव्हापासून झोप लागत नाही.
— एक वाचक, मिरज

दादा, चौदाशे हाका ऐकून कान झाकणारा माणूस निष्काळजी नसतो. त्या रात्री तुमच्या चॅटच्या बॅकएंडनं तुमचं रक्षण करायला हवं होतं, ते त्यानं केलं नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. चॅटचा बॅकएंड लिहिणारी माणूस म्हणून ती जबाबदारी आमची आहे, असं मी मानते. तुमच्या बॅकएंडवाल्यांना हे पान दाखवा.

प्रत्येक हुकला वेगाची मर्यादा हवी. स्लॅक साधारण सेकंदाला एक मेसेज देतं, थोडा वेळ जास्तही चालवून घेतं आणि मग ४२९ (‘फार वेगानं पाठवताय’) हे उत्तर पाठवून किती सेकंद थांबायचं ते हेडरमध्ये सांगतं. पण मॉनिटरिंगच्या बाबतीत नुसतं ४२९ देणं धोक्याचं आहे. समोरची यंत्रणा पुन्हा पाठवेलच असं नाही, आणि नाकारलेल्यात नेमका प्रयोगशाळेचा मेसेज असेल. म्हणून दारात सगळं घ्या, आवक टेबलात नोंदवा आणि चॅनेलमध्ये दाखवताना घड्या घाला. एकाच यंत्राची एकच तक्रार पुन्हा आली तर नवा मेसेज टाकायचा नाही, आधीच्याच मेसेजवर ‘३१२ वेळा, शेवटचा २:४७’ असा आकडा वाढवायचा. प्रत्येक वेगळ्या तक्रारीचा पहिला मेसेज मात्र कधीही दाबायचा नाही. असं असतं तर त्या रात्री चॅनेलमध्ये दहा-पंधरा ओळी असत्या आणि प्रयोगशाळा त्यातली एक ओळ असती. झुलिप या चॅटमध्ये चॅनेलमधल्या मेसेजला विषय देता येतो. तिथे वेबहुक यंत्रामागे वेगळा विषय उघडू शकतो आणि स्विचच्या विषयाचा आवाज बंद करूनही प्रयोगशाळेचा ऐकू येतो. मला ती मांडणी मनापासून आवडते.

आणि सगळ्यांना हाक मारायचा अधिकार हुकला आपोआप मिळता कामा नये. प्रशासकानं तो त्या हुकपुरता, विचार करून द्यावा, आणि दिला तरी एका तक्रारीमागे एकदाच. यात सुरक्षेचाही भाग आहे. बाहेरच्या फॉर्ममध्ये कुणी नावाच्या जागी ‘@चॅनेल’ लिहिलं आणि वेबहुकनं ते तसंच आत आणलं, तर रस्त्यावरचा माणूस मध्यरात्री तुमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना उठवू शकतो. बाहेरून आलेला मजकूर आणि आपण लिहिलेली हाक या दोन गोष्टी बॅकएंडनं वेगळ्या ओळखायला हव्यात.

रात्रपाळीचा माणूस ठरलेल्या वेळात मेसेज पाहिल्याची खूण करत नसेल, तर चॅटवर विसंबू नका, फोन वाजला पाहिजे. रुग्णालयात ही मागणी लेखी करा आणि पत्राची पोच घ्या.

ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला वेबहुकचं काम शिकायचं आहे, पण माझ्याकडे सर्व्हर नाही आणि पैसेही नाहीत. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, गडचिरोली

दोन्ही लागत नाहीत. झुलिपचा कोड २०१५ पासून खुला आहे आणि त्याचा सर्व्हर पायथनमध्ये आहे. त्यात ‘झर्व्हर’ (zerver) नावाच्या फोल्डरमध्ये ‘वेबहुक्स’ आहे. आत शंभराहून जास्त सेवांची एकेक खोली आहे. प्रत्येक खोलीत त्या सेवेनं पाठवलेले जेसनचे नमुने, ते वाचून मेसेज तयार करणारी एक छोटी फाइल आणि तिच्या चाचण्या. सर्व्हर नसला तरी नमुना वाचून मेसेज कसा होतो ते तुला कळेल. एक साधी खोली निवड, चाचणी बघ, मग तो मेसेज कुठल्या ओळीतून आला ते शोध.

मग त्यातला एक नमुना घे आणि कमिटच्या संदेशाच्या जागी मराठी वाक्य घाल, जोडाक्षरांचं, लांब, मध्ये लिंक आणि शेवटी इमोजी असलेलं. चाचणी पुन्हा चालव. जे तुटेल ते मला कळव, आणि काहीच तुटलं नाही तर तेही कळव. पुढच्या अंकात तुझ्या नमुन्यापासूनच सुरुवात करू.